अर्ध्या जोडीला बोलावणं

या, असे जवळ येऊन बसा. मागे ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी पुढे सरकावं, चटई पुष्कळ लांब आहे आणि देवाच्या घरी जागेचा तोटा नाही. कार्सोंच्या घराण्याचं तुम्ही बरंच ऐकलंत. सुम्बिंगच्या उतारावर तंबाखू कशी लागली, घरामागचं पटांगण सारवून त्याचं बॅडमिंटनचं कोर्ट कसं झालं, दोन भाऊ त्यावर कसे वाढले, ते सगळं होऊन गेलं. आज सांगतो ते एका दुपारचं आहे. पण शब्द देतो, त्या दुपारी एकोणीस वर्षांच्या एका पोरीने घरातल्या मोठ्यांना, जकार्ताच्या क्लबाला, आणि जिच्यासाठी ती भांडत होती तिलासुद्धा तोंडावर ‘नाही’ म्हणून दाखवलं. ऐका तर.

रुवाह महिना सरत आला होता. उपासाचा महिना तोंडावर, म्हणजे न्याद्रानचा दिवस. सकाळीच सगळं गाव कबरस्तानात जमलं होतं. पूर्वजांच्या कबरी झाडून झाल्या, फुलं वाहून झाली, डोक्यावरून आणलेल्या वेताच्या गोल टोपल्या मधोमध मांडल्या गेल्या आणि कियाई झुबैदी उभे राहिले. त्यांचं प्रवचन म्हणजे अर्धं बोलणं आणि अर्धं गाणं. मागे चार पोरं डफ धरून बसतात. कियाई एक वाक्य सांगतात, पुढचं गातात, आणि त्या गाण्यात म्हाताऱ्यांची मान डोलायला लागली की हळूच चिमटा काढतात.

त्या सकाळी त्यांनी खांद्यावरच्या दोन फरिश्त्यांचं आख्यान लावलं होतं. उजवा पुण्य लिहितो, डावा पाप. पाप घडलं की डावा लेखणी उचलतो. उजवा म्हणतो, थांब भावा, पस्तावेल अजून, एवढ्यात लिहू नकोस. आणि डावा थांबतो.

“एका माणसावर दोघांची नेमणूक,” कियाई गाऊ लागले, “जन्मापासून मरेपर्यंत. माणूस काय कमी त्रास देतो? पण एक दमला म्हणून दुसऱ्याने वर अर्ज केलाय, मला दुसरा जोडीदार द्या म्हणून, असं ऐकलंय कोणी?”

लोक हसले. बायकांच्या बाजूला सणासाठी घरी आलेली लारास हसली ती जरा जास्तच मोठ्याने. पुरुषांच्या रांगेतून तिचे पाकदे मारवोतो, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, मान वळवून तिच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, कियाईंना हे कोणीतरी सांगून ठेवलंय.

कोणी सांगितलं नव्हतं. पण गावाला ठाऊक नाही असं उरलं तरी काय होतं?

हकीकत अशी होती. लारास आणि योसिना ही दुहेरीतली जोडी. योसिना रेनवारिन पार पूर्वेकडच्या केई बेटांवरची, चर्चमध्ये गाणारी, डावखुरी. मागून असा फटका मारायची की समोरच्या दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या. लारास पुढे, जाळीशी, मांजरासारखी. क्लबाने दोघींना पंधरा-सोळाव्या वर्षी एकत्र बांधलं आणि तेव्हापासून त्या एका खोलीत राहत होत्या, एका बादलीत कपडे भिजवत होत्या. गेल्या वर्षी परदेशातल्या दोन अंतिम सामन्यांपर्यंत पोचल्या. मग योसिनाचा खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, पण हात अजून कानाच्या वर जात नव्हता. आणि गेल्या आठवड्यात क्लबाने कळवलं: योसिनाने घरी जावं. लारासने दियांतीबरोबर खेळावं. दियांती नावाजलेली, लारासहून सहा वर्षांनी मोठी. तिची जोडीदारीण लग्न करून खेळ सोडून गेली होती. कबूल नसेल तर लारासनेही खोली सोडावी. उत्तर आज, मगरिबच्या, म्हणजे सूर्य बुडतानाच्या बांगेच्या आत, कारण युरोपच्या दौऱ्याची नावं आजच जायची होती.

दुपारी पाहुणे पांगले आणि ओसरीवर घरचीच माणसं राहिली. एम्बाह कार्सो, लारासचे आजोबा आणि घरातले सगळ्यात वडील, खांबाला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपले होते की नाही ते त्यांनाच ठाऊक. कोपऱ्यात लारासचा बाप विग्न्यो रॅकेटची जाळी विणत होता. मन थाऱ्यावर नसलं की त्याला हातात दोरी लागायची. त्याची बायको रुमिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, एक पाय आत, एक बाहेर.

“इबू हार्तिनींचा मला पुन्हा फोन आला,” पाकदे मारवोतो म्हणाले. मागलांगला त्यांचं खेळाच्या सामानाचं दुकान, जिल्हा संघटनेत खुर्ची. क्लबात लारासची शिफारस त्यांनीच केली होती आणि इबू हार्तिनी तिथल्या प्रशिक्षक. “मी म्हटलं, उत्तराची काळजी करू नका, पोरगी येतेच आहे.”

“कोणाला विचारून म्हटलंत, पाकदे?”

“यात विचारायचं काय? अशी जागा म्हणजे सणाच्या बसमधली खिडकी असते, न्दुक, पोरी. पिशवी टाकायला उशीर झाला की गेली.”

“त्या खिडकीत योसिना बसलीय.”

“तिला उतरवलंय.”

“कोणी?”

“तिच्या खांद्याने,” पाकदे म्हणाले. “मी नाही, क्लबाने नाही. खांद्याने.”

बुदे एन्दांग, पाकदेंची बायको, अपेमची, तांदळाच्या गोड घावनांची थाळी घेऊन मध्ये आल्या. भांडण पेटायला लागलं की बुदे खायला वाढतात, ती त्यांची रीत. “आधी खा. रिकाम्या पोटी माणूस हट्टी होतो.”

“मी जेवल्यावरही अशीच असते, बुदे.”

“ते दिसतंच आहे. अगं, आम्ही काय तुझे वैरी आहोत? ती मुलगी चांगली आहे, मी नाही कुठे म्हणतेय. पण तिचं बेट वेगळं, तिचा देव वेगळा, तिला आपली मिरचीसुद्धा पुरत नाही. तिच्यासाठी तू जन्माचं नुकसान करणार?”

“कोर्टावर ती डाव्या हाताने खेळते, मी उजव्या. तेही वेगळंच आहे की. म्हणून तर कोर्ट भरतं.”

उंबऱ्यातून रुमिनी हलकेच हसली आणि पदराशी चाळा करत आत बघू लागली. बुदेंनी ते पाहिलं. “तू हस. तुझी पोरगी खोली सोडून गावात बसेल तेव्हा तंबाखूची पानं वाळवायला हात मिळतील तुला.”

“मिळाले तर बरंच आहे, वहिनी,” रुमिनी म्हणाली. “यंदा मजूर मिळतच नाहीयेत.”

इतक्या वर्षांत रुमिनीने थोरल्या जावेला उलट उत्तर दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. बुदे थाळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

पाकदेंनी मोहरा बदलला. “विग्न्यो. तू बाप आहेस तिचा. का नुसती दोरी ओढत बसणार आहेस?”

विग्न्योने दोरी ओढली, गाठ मारली, टोक कापलं. या प्रश्नाची वाट तो सकाळपासून बघत होता आणि उत्तरही त्याने तयार ठेवलं होतं. पण ते उत्तर नवं नव्हतं. तिसेक वर्षांमागे तेमांगगुंगच्या बस थांब्यावर त्याने ते एकदा दिलं होतं.

घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती, आणि सगळे ती अभिमानाने सांगत. मारवोतो आणि विग्न्यो, सख्ख्या भावांची जोडी, जिल्ह्यात त्यांना तोड नव्हती. मोठ्या शिबिराचं बोलावणं आलं ते एकट्या मारवोतोला. विग्न्योने स्वतः भावाची पिशवी बसच्या टपावर बांधली आणि म्हणाला, जा. केवढं मन, लोक म्हणत. मारवोतो गेला, परक्या जोडीदाराबरोबर काही वर्षं बऱ्यापैकी खेळला, गुडघा दुखावून परत आला. त्यानंतर दोघे भाऊ कोर्टाच्या एका बाजूला कधी उभे राहिले नाहीत. त्याबद्दल मात्र कोणी काही म्हणत नसे.

“जा,” विग्न्यो मुलीला म्हणाला. मान वर न करता.

पाकदेंशी भांडायला लारास कंबर कसून आली होती. बापाकडून हे येईल असं तिला वाटलं नव्हतं.

“बापाक, पाकदेंनाही तुम्ही असंच म्हणाला होतात ना?”

“हो.”

“ते गेल्यावर तुम्हाला बरं वाटलं?”

पाकदे मारवोतो खुर्चीत ताठ झाले. “हा काय प्रश्न झाला? तो स्वतः म्हणाला होता. मी विचारलंही नव्हतं, त्याने आपणहून पिशवी उचलली. विचार त्याला.”

“म्हणालो होतो, मास,” विग्न्यो थोरल्या भावाला म्हणाला. “माणूस म्हणतो.”

एवढंच. पण पाकदेंच्या हातातली लवंगेची सिगारेट तशीच जळत राहिली आणि राख पांढऱ्याशुभ्र बुटावर पडली, तरी त्यांनी ती झटकली नाही.

लारास उठली आणि फोन घेऊन मागच्या कोर्टावर गेली. चुन्याच्या रेघा गेल्या पावसात पुसट झाल्या होत्या. ती जाळीच्या खांबाला पाठ लावून बसली. योसिनाने पहिल्या घंटीलाच उचललं.

“काय करतेयस?” लारासने विचारलं.

“बॅग भरतेय. एका हाताने. तुझा तो निळा टॉवेल माझ्या बॅगेत सापडला, चोर.”

“चोर कोण, टॉवेल कोणाच्या बॅगेत सापडला?”

“तुझा घाम आहे त्याला, मला नको. ऐक, तू हो म्हणालीस का?”

“नाही अजून.”

“लारास.” योसिना रागावली की नावाचे दोन तुकडे करायची, ला आणि रास. “माझ्या टाळक्यावर हे पाप ठेवू नकोस. माझा हात वर जात नाही. कधी जाईल ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. दियांती चांगली आहे, कोर्टाच्या मध्यावर आलेलं शटलचं फूल ती तुझ्यासाठी सोडेल, माझ्यासारखी ओरबाडणार नाही. जा तू. मी रागावणार नाही.”

“तुला विचारलं कोणी?”

“काय?”

“जाऊ का म्हणून तुला मी विचारलं? सकाळपासून जो उठतो तो मला जा म्हणतो. पाकदे जा म्हणतात, बापाक जा म्हणतात, आता तू. मी कोणाकडे परवानगी मागितलेली नाही.”

“मग फोन कशाला केलास?”

“टॉवेलसाठी.”

पलीकडे योसिना हसली. वसतिगृहाच्या आवारात कोणीतरी दोरीवर उड्या मारत होतं, तो चटचट आवाज फोनमधून येत होता.

“मला घरी जायचं नाहीये,” योसिना शेवटी म्हणाली. अगदी लहान आवाजात. “पण हे तू ऐकलं नाहीस असं समज.”

“ऐकलं,” लारास म्हणाली.

ती ओसरीवर परतली तेव्हा तिथली मांडणी बदलली होती. पाकदे मारवोतो वडिलांच्या शेजारी चटईवर जाऊन बसले होते आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता.

“बस, न्दुक. मी तुला हे सांगणार नव्हतो. पण तुझं कोणाचंच ऐकायचं नाही असं ठरलंय, तर पूर्वजांचं तरी ऐक. मी तुमच्या दोघींचे जन्मवार जुळवून बघितले.”

लारासला आधी कळेचना. “कसले?”

“वार. आपण लग्नाआधी बघतो तसे. तू गुरुवार पोनची. ती रविवार क्लिवॉनची; तिची जन्मतारीख क्लबाच्या कागदांवर आहे. आठवड्याच्या वारांचे आकडे, बाजाराच्या पाच दिवसांचे, पोन-क्लिवॉनचे आकडे, सगळं मिळवून बघ. येतं पगात. तुटणारी जोडी. मी दोनदा मोजलं.”

“पाकदे, मी तिच्याशी लग्न करत नाहीये.”

“जोडी ती जोडी. तिचा खांदा उगाच गेला का? ज्या दिवशी तुम्हाला बांधलं त्या दिवशी कोणी बघितलं असतं तर हे तेव्हाच कळलं असतं.”

बुदेंनी मान डोलावली. रुमिनी उंबऱ्यातून पुढे आली, तिचा चेहरा उतरला होता. मघाचं तिचं सगळं बळ त्या एका शब्दाने काढून घेतलं. हेही तसंच असतं बघा. क्लबाशी माणूस भांडू शकतो, दिराशी भांडू शकतो, पण वारांचे आकडे उलटे पडले की त्यांच्याशी आईने भांडायचं कसं?

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली, “खरंच तसं येतं का हो?”

विग्न्योला मोजता येत होतं. त्याने मनात मोजलं. येत होतं. त्याने दोरी पुन्हा हातात घेतली.

तेव्हा खांबाला टेकलेल्या एम्बाह कार्सोंनी डोळे उघडले. “मारवोतो. ती पोरगी सूर्य बुडायच्या आधी जन्मली की नंतर?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तुला मी हे लहानपणी शिकवलं की भिंतीला? आपला दिवस सूर्य बुडाला की बदलतो. मगरिबनंतर जन्मलं ते लेकरू दुसऱ्या दिवसाचं. सरकारी कागदावर मध्यरात्रीला तारीख बदलते, ती आकड्यांना चालत नाही. वेळ बघितलीस का?”

पाकदे मारवोतोंचं तोंड उघडं राहिलं. वेळ त्यांनी बघितली नव्हती. अशी चूक शहरात दुकान टाकलेला माणूसच करतो. गावात बसणाऱ्याला दिवस कुठे संपतो ते आकाशात दिसतं.

“तिलाच विचार,” एम्बाह लारासला म्हणाले.

लारासने अनिच्छेने फोन लावला, प्रश्न विचारला. योसिना म्हणाली, वेड लागलंय का तुम्हा लोकांना, मला काय ठाऊक मी कधी जन्मले, मी तिथे होते पण माझं लक्ष नव्हतं. मामाला, म्हणजे आईला, विचारून सांगते. केईला फोन लागायला वेळ लागतो.

मग सगळे वाट बघू लागले. पश्चिमेकडे सुम्बिंगच्या खांद्यावर ऊन उतरत होतं, अंगणातल्या कोंबड्या जांभळीच्या झाडाकडे वळायला लागल्या होत्या. बुदेंनी कॉफीचे पेले भरले. कोणी पीत नव्हतं. रुमिनीचे ओठ हलत होते, ती देवाचं नाव घेत होती. पाकदेसुद्धा थांबले होते, आणि लारासने सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच पाहिलं: आता वार काय म्हणतात त्यावर ठरेल. जुळले तर पोरीचं, नाही जुळले तर पाकदेंचं. कोणालाच हरल्यासारखं वाटणार नाही. कोणाला काही बोलावंही लागणार नाही.

तिला एकदम ते सहन होईना.

तिने फोन मांडीवर ठेवला, आवाज मोठा केला आणि क्लबाचा नंबर लावला.

“हे काय करतेस?” पाकदे म्हणाले. “थोडं थांब की, ते कळू दे.”

“म्हणूनच थांबत नाही.”

“लारास?” इबू हार्तिनींचा आवाज ओसरीभर पसरला. “बोल बाई. कागद माझ्यासमोरच आहेत.”

“इबू, मी दियांतीबरोबर खेळणार नाही. योसिनाबरोबर खेळेन.”

“घरचे तुझ्याजवळ आहेत का?”

“आहेत. सगळे मला हो म्हणायला सांगतायत. ते तुम्हाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवलाय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “नीट ऐक. तू नाही म्हणालीस तर मला तुझीही खोली काढून घ्यावी लागेल. रॅकेट, बूट, प्रवास, सगळं बंद. तो नियम मी केलेला नाही, पण मोडणंही माझ्या हातात नाही. तुला ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. किल्ली योसिना देईल तुम्हाला. ती आहे तिथेच.”

“आणि खेळणार कुठे?”

“आमच्या कोर्टावर. ती इथे येईल. बापाक जुन्या रॅकेटला जाळी विणून देतील, कोणी नवीन रॅकेट दिली नाही तर.”

विग्न्योच्या हातातली दोरी थांबली.

“आणि तिचा खांदा बरा नाही झाला तर?” इबू हार्तिनींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एवढी वर्षं मुली घडवलेल्या बाईचा तो प्रश्न होता, आणि या दुपारी तो आत्तापर्यंत कोणीच विचारला नव्हता.

लारासने ओठ चावला. घरातले सगळे तिच्याकडे बघत होते. याचं उत्तर तिने पुष्कळदा शोधलं होतं, बादलीत कपडे भिजवताना, रिकाम्या कोर्टावर एकटीने सराव करताना, आणि प्रत्येक वेळी ते अर्ध्यातच सोडून दिलं होतं.

“तर त्या दिवशी आम्ही दोघी बसून ठरवू,” ती म्हणाली. “तिच्या पाठीमागे मी ठरवणार नाही. ती बॅग भरत असताना तर नाहीच.”

पलीकडे कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. मग इबू हार्तिनी म्हणाल्या, “मूर्ख आहेस. तिला सांग, आता बर्फ पुरे झाला, गरम शेक द्यायचा. आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज, चुकवायचा नाही. माझी नजर नसली की ती चुकवते.” आणि फोन बंद झाला.

झालं. दियांतीशेजारी आता दुसरं कोणाचं तरी नाव जाणार होतं. बुदे एन्दांग खांबाशी मटकन बसल्या. रुमिनीने तोंडाला पदर लावला, पण डोळे कोरडे होते.

एवढ्यात फोन वाजला. योसिना होती आणि ती तापलेली होती.

“तू काय सांगितलंस त्यांना? त्यांनी मला लगेच कळवलं. ला-रास, तू माणूस आहेस की म्हैस? एवढं समजावलं तुला, एका कानाने ऐकलंस आणि...”

“मामा काय म्हणाली?”

“मामा गेली खड्ड्यात. मामा म्हणाली, चर्चची संध्याकाळची घंटा होऊन गेली होती, समोरच्या घरात दिवा लागला होता, मग मी आले. त्याचं काय? विषय बदलू नकोस. तुझ्या डोक्यात जे भुसकट भरलंय ना, ते...”

ती थांबेना. तो आवाज सगळ्या ओसरीवर घुमत असताना एम्बाह कार्सोंनी अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. “म्हणजे सोमवार लेगी,” ते पुटपुटले. “आणि ही गुरुवार पोन.” अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर गेला, थांबला.

“काय येतंय?” रुमिनीला राहवेना.

“पादू.”

विग्न्योने चटकन वर पाहिलं. मोजता येणाऱ्यांना कळलं होतं. बुदेंना कळलं नाही, त्या नवऱ्याकडे बघू लागल्या.

“जन्मभर भांडतील,” एम्बाह म्हणाले, “पण तुटणार नाहीत.”

फोनमधून योसिना अजून बोलतच होती, गाढव, हट्टी, बिनडोक, आणि एकदम कोणाला तरी हसू फुटलं. ते बुदे एन्दांगना फुटलं होतं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, त्यामुळे जास्तच आलं. मग रुमिनीला आलं. विग्न्यो मान खाली घालून खांदे हलवत राहिला.

लारास मात्र हसली नाही. “एम्बाह, उलटं आलं असतं तरी मी हेच केलं असतं.”

“ठाऊक आहे,” म्हातारे म्हणाले. “नाहीतर मी मघाशीच सूर्य बुडायच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही मोजून ठेवलं होतं ते सांगितलं नसतं का? तुझा फोन होऊ दिला.” आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

पाकदे मारवोतो उठले होते. बूट पायात घालता घालता त्यांवरची राख त्यांनी आता झटकली. “एन्दांग, चल. वाट अंधारात उतरायची नाही मला.” मग लारासकडे वळून म्हणाले, “उद्यापासून कुठे माझं नाव सांगू नकोस. मी शिफारस केली होती हे लोकांनी विसरलेलं बरं.”

“नाही सांगणार, पाकदे,” लारास म्हणाली आणि वाकून, रीतीप्रमाणे, त्यांचा हात कपाळाला लावला. त्यांनी हात काढून घेतला नाही. पण तिच्या डोक्यावरही ठेवला नाही.

गाडीपर्यंत विग्न्यो गेला. बुदे आत जाऊन बसल्या. दोघे भाऊ गाडीच्या दाराशी उभे होते, एक आत शिरू शकत नव्हता आणि दुसरा मागे फिरू शकत नव्हता.

“तू त्या दिवशी मनातून खरंच नको म्हणत होतास?” मारवोतोंनी विचारलं.

“मी जा म्हणालो, मास. आणि तुम्ही नाही म्हणाल म्हणून बघत राहिलो. बस त्या उताराच्या वळणापर्यंत गेली तोवर बघत होतो. वाटत होतं, थांबवाल.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत का?”

मारवोतोंनी गाडीचं दार धरलं. ते काहीतरी बोलणार होते. मशिदीतून बांग सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत दोघेही खाली बघत उभे राहिले, तसंच उभं राहायची त्यांना लहानपणापासून सवय होती. संपल्यावर मारवोतो गाडीत बसले. गाडी तंबाखूच्या वाफ्यांमधून खाली गेली. उताराच्या वळणावर तिचे मागचे दिवे लाल झाले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग गाडी वळून गेली. विग्न्यो नमाजाला वळला.

दोन भावांमधलं ते अंतर त्या दुपारी मिटलं नाही. मिटलं असतं तर तुम्हालाही बरं वाटलं असतं आणि मलाही. पण जे झालं नाही ते मी गाऊन दाखवणार नाही.

पुढे लारासचं काय झालं ते तिच्या नशिबाने आणि देवाच्या मर्जीने व्हायचं ते होईल. तिचं नाव तुमच्या कानावर येईल किंवा येणार नाही. आलं, तर लोक तिची वाहवा करतील, तिने काय काय सोडलं ते सांगतील. तेव्हा तुम्ही एवढं करा. ती जिच्यासाठी बसून राहिली, जिला घरी जायचं नव्हतं आणि तरी जिने ‘तू जा’ म्हटलं, एका हाताने बॅग भरता भरता, त्या योसिना रेनवारिनचीही आठवण ठेवा. दुहेरीत पंच दोन नावं पुकारतात. दुसऱ्या नावाला लोक बहुधा टाळ्या वाजवायला लागलेले असतात आणि ते ऐकू येत नाही. तुम्ही ऐका.